एकशे चार, म्हणजे चाळीस

मार्च १९३९. दीक्षितपुऱ्यातल्या एका वाड्याच्या ओसरीवर तुम्ही येऊन टेकता आणि कुठून आलात, असं तुम्हाला कोणी विचारत नाही. या आठवड्यात जबलपुरात सगळेच पाहुणे आहेत. नागपूरकडची, वऱ्हाडातली, थेट पुण्याची माणसं ओळखीपाळखीनं इथल्या मराठी घरांत उतरली आहेत. कोपऱ्यात वळकट्यांची चवड, दोरीवर खादीचे सदरे, आणि सकाळपासून चुलीवर तिसऱ्यांदा चढलेला भात. काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन त्रिपुरीला भरलं आहे. शहराबाहेर नर्मदेच्या अंगाला विष्णुदत्तनगर नावाचं तात्पुरतं गाव उभं राहिलं आहे. बावन्नावं अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघते, आणि तिच्यात अध्यक्षांच्या जागी अध्यक्षांची तसबीर असते, कारण अध्यक्षांना उठून बसवत नाही.

बाजाराकडून कोणी तरी धापा टाकत येतो आणि दारातूनच सांगतो, "एकशे चार!"

एवढंच. कशाचे एकशे चार, कुठल्या मापाचे, काही नाही. तरी ओसरीवरचा प्रत्येक माणूस गप्प होतो. माजघरातून आजी पदराला हात पुसत बाहेर येतात. "एकशे चार? आणि तशात आगगाडीनं आणलं त्याला?" अध्यक्ष सुभाषबाबू बेचाळीस वर्षांचे आहेत, पण आजींना ते पोरच.

तुमच्या खिशातला फोन इथं मुका आहे, पण बोटं चालतात. एकशे चारातून बत्तीस गेले, बहात्तर. बहात्तरचे नवांश पाच केले तर चाळीस. खाली काही उरत नाही. तुम्ही ज्या काळातून आलात तिथं चाळीस हा आकडा मे महिन्यातल्या हवेचा असतो. सकाळी अकराला रस्ते ओस पडतात, तो चाळीस. इथं तोच चाळीस एका माणसाच्या अंगात आहे, आणि त्या माणसाला स्ट्रेचरवरून मंडपात नेतात.

या तापावरून मंडपात कुजबुज आहे. २९ जानेवारीच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्यांना दोनशेहून जास्त मतांनी हरवलं, गांधीजींनी तो आपला पराभव मानला, आणि आता नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा पंडित गोविंद वल्लभ पंतांचा ठराव पुढं येतो आहे. अशा वेळी अध्यक्ष आजारी पडावेत यावर काहींचा विश्वास बसत नाही. सुभाषबाबू पुढच्याच महिन्यात 'मॉडर्न रिव्ह्यू'त या आजारावर लेख लिहितील. अध्यक्षीय भाषण त्यांच्याऐवजी त्यांचे भाऊ शरदबाबू वाचून दाखवतात. माणसाच्या शब्दावर विश्वास उरत नाही तेव्हा पाऱ्याला साक्षीला उभं करतात. आणि पाऱ्याची साक्ष कुणाला नाकारता येत नाही ती एकाच अटीवर: ऐकणाऱ्यालाही तीच पट्टी ठाऊक हवी. या ओसरीवर ती सगळ्यांना ठाऊक आहे. फॅरनहाइट हे नाव कोणी उच्चारत नाही, कारण दुसरं माप इथं कोणाला माहीतच नाही.

आजी आतून थर्मामीटरची डबी आणून दाखवतात. यजमानांनी मुलाच्या टायफॉइडच्या वेळी घेतलेला. काच तिरकी धरली की पाऱ्याची रेघ एकदम रुंद दिसते, नाही तर दिसतच नाही. बुडाजवळ नळी चिमटल्यासारखी अरुंद आहे. तिथंच पारा तुटतो आणि काखेतून काढल्यावरही वरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून तर तो मनगटाला हिसका देऊन झटकावा लागतो. तुम्ही बाण शोधता. तुमच्या लहानपणापासून डोक्यात बसलेलं ९८.६ तिथं नाही. बाण ९८.४ वर आहे.

दोन दशांशांचा हा फरक कुठून आला, ते पाहायला आणखी मागं जायला हवं.

१८६८. दीक्षितपुऱ्यातला बोळ अरुंद आहे, गटाराचा वास तोच आहे, पण माणसं कमी. मराठ्यांचा अंमल संपून अर्धं शतक झालंय. १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत झाला, तेव्हापासून वकील, कारकून, मास्तर अशी मराठी कुटुंबं नव्यानं येऊ लागली आहेत. मागच्याच वर्षी अलाहाबादेकडून रेल्वे येऊन पोचली. मुंबईकडची यायला अजून दोन वर्षं आहेत. गावात हितकारिणी सभा याच वर्षी स्थापन झाली. घराघरांत मुलं तापानं आजारी पडतात, आणि त्यांचा ताप मोजायला एकाही घरात काही नाही. वैद्यबुवा नाडी पाहतात. आई हाताची मागची बाजू कपाळाला लावते आणि सांगते: कणकण आहे, किंवा अंग तापलंय, किंवा फणफणलाय. तिच्या हाताला फरक बरोबर कळतो. पण सकाळचा ताप आणि संध्याकाळचा ताप शेजारी ठेवून पाहता येत नाहीत, आणि काल रात्री किती होता हे परगावच्या डॉक्टराला पत्रानं कळवता येत नाही.

नेमकं याच वर्षी तिकडे लाइपझिगमध्ये कार्ल वुंडरलिक नावाच्या डॉक्टरचं जाडजूड पुस्तक छापून आलं आहे. पंचवीस हजारांच्या आसपास रोगी, आणि त्यांच्या तापाच्या दहा लाखांहून जास्त नोंदी. त्याचा थर्मामीटर फूटभर लांबीचा, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवावा लागणारा. ताप हा रोग नव्हे, रोगाचं लक्षण आहे, आणि त्याचा आलेख काढला तर आतल्या रोगाची चाल कळते, हे त्यानं दाखवून दिलं. इंग्लंडमधल्या क्लिफर्ड ऑलबटनं नुकताच सहा इंचांचा, पाच मिनिटांत काम करणारा थर्मामीटर केला आहे. खिशात मावणारा तो थर्मामीटर आला नसता, तर दीक्षितपुऱ्यातल्या आजींच्या डबीत काही नसतं.

वुंडरलिकनं निरोगी माणसाचं तापमान सांगितलं ३७. जर्मनीत सेल्सियसचं माप. हा आकडा गोल आहे. निरोगी माणूस साडेछत्तीस ते साडेसदतीसच्या आसपास असतो, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, असा त्याचा अर्थ. पुढं कोणी तरी तो इंग्रजी वाचकांसाठी फॅरनहाइटमध्ये नेला. सदतीसला नवानं गुणलं, पाचानं भागलं, बत्तीस मिळवले: ९८.६. गणित चोख आहे. पण गणित होताना सदतीसला एक दशांश चिकटला, आणि तो दशांश पाहून लोकांना वाटलं की हा आकडा फार बारकाईनं मोजलेला आहे. सदतीसच्या अलीकडे-पलीकडे जी मोकळीक होती (फॅरनहाइटमध्ये ती जवळपास ९७.७ ते ९९.५ अशी पडते) ती रूपांतरात गळून गेली. या गळतीचं मला राहून राहून वाईट वाटतं. तिच्यामुळं पिढ्यान् पिढ्या ९९ ला "बारीक ताप आहे" म्हणून मुलं शाळेतून घरी ठेवली गेली. ब्रिटिशांनी आपला बाण ९८.४ ला ठेवला, म्हणजे सेल्सियसचे ३६.९. आजींच्या काचेवरचा बाण तिकडचा. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ निरोगी माणसांना पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी आली ९८.२. तिन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की भांडण्यासारखं काही नाही. दशांशावर विसंबून राहू नये, एवढंच.

बत्तीस कुठून आले, हेही तुम्हाला पाहायचं असेल. त्यासाठी हा बोळ थोडा वेळ सोडावा लागेल. १७२४ मध्ये, डान्झिगमध्ये जन्मलेला आणि हॉलंडात काच फुंकून थर्मामीटर बनवणारा डॅनियल फॅरनहाइट आपली पट्टी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवतो. बर्फ, पाणी आणि नवसागर यांचं मिश्रण जिथं थंडावतं तिथं शून्य. नुसत्या बर्फ-पाण्याला ३२. निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६. म्हणजे त्याच्या पट्टीवर माणसाचं शरीर हीच एक खूण होती. शून्य इतकं खाली घेतल्यामुळं हिवाळ्यातल्या बहुतेक दिवशी उणे आकडे लिहावे लागत नसत. पुढं पट्टी पक्की करताना पाणी गोठतं ते ३२ आणि उकळतं ते २१२ या दोन खुणा धरल्या, मध्ये नेमके १८० भाग केले, आणि शरीर आपोआप ९६ वरून ९८ च्या वर सरकलं. शरीर बदललं नव्हतं. पट्टीच हलली होती.

अठरा वर्षांनी, १७४२ मध्ये, स्वीडनमधल्या उप्सालाचा खगोलज्ञ अँडर्स सेल्सियस शंभर भागांची पट्टी मांडतो, पण उलटी: उकळत्या पाण्याला शून्य, गोठत्या पाण्याला शंभर. ती सुलटी झाली ती त्याच्या मृत्यूच्या आसपासच्या वर्षांत, इतरांच्या हातून. त्याच १७४२ साली पेशव्यांच्या फौजा इथून जवळच मंडल्यावर चालून आल्या होत्या आणि गढा-मंडल्याच्या गोंड राजाकडून चौथ ठरवून गेल्या होत्या. उप्सालामधली काचेची नळी आणि नर्मदेकाठची चौथाई यांची कधी गाठ पडेल असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल. गाठ पडली ती दोनशे पंधरा वर्षांनी, आणि या गावाला तिनं चांगलंच घामाघूम केलं.

एप्रिल १९५७. दीक्षितपुऱ्याच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे आणि दुकानदाराच्या डोक्यावर नवा कोरा तक्ता लावला आहे. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. गिऱ्हाईक तक्त्याकडे पाहतं, मग हातातल्या नाण्याकडे, मग पुन्हा तक्त्याकडे. पाच महिन्यांपूर्वी, १ नोव्हेंबरला, प्रांतच बदलला. नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, उच्च न्यायालय इथं आलं. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात अशी कितीतरी मराठी घरं एका रात्रीत झाली. त्यात आता आण्यांचे पैसे. शेराचे किलो होणार आहेत, मैलांचे किलोमीटर. हवामानाचे आकडेही या काही वर्षांत सेंटिग्रेडमध्ये येऊ लागतात. सेल्सियस हे नाव १९४८ मध्ये जगानं ठरवलं असलं तरी इथं सगळे सेंटिग्रेडच म्हणतात. कालपर्यंत "पारा एकशे बारावर" वाचून घाम पुसणाऱ्या माणसाला आता "४४" वाचून घाम फुटला पाहिजे.

वाड्याच्या ओसरीवर गणिताचे मास्तर आपल्या पुतण्याचा अभ्यास घेत आहेत. पुतण्या मॅट्रिकला. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असलेल्या शेवटच्या पिढ्यांपैकी एकीतला, त्यामुळं अपूर्णांकाला भीत नाही. तुम्ही पायरीवर बसता. मास्तर तुमच्याकडे पाहून म्हणतात, "बसा पाहुणे, तुम्हीही सोडवा."

"सोळा आण्यांचे शंभर पैसे," काका म्हणतात, "तर तीन आण्यांचे?"

"पावणेएकोणीस, काका. तक्त्यात एकोणीस धरलेत."

"कसं काढलंस?"

"त्रैराशिकानं."

"शाबास. आता पाणी उकळतं शंभर सेंटिग्रेडला, म्हणजे दोनशे बारा फॅरनहाइटला. तर पन्नास सेंटिग्रेड म्हणजे किती?"

पुतण्या क्षणभरही थांबत नाही. "एकशे सहा."

काका काही बोलत नाहीत, फक्त वाट पाहतात. तुम्हालाही एकशे सहा बरोबरच वाटलं होतं, नाही?

"शून्य आणे म्हणजे किती पैसे रे?"

"शून्य."

"शून्य शेर म्हणजे किती किलो?"

"शून्यच की."

"आणि शून्य सेंटिग्रेड म्हणजे किती फॅरनहाइट?"

पुतण्याचं तोंड उघडं राहतं. "बत्तीस."

या एका प्रश्नोत्तरापाशी मला थांबावंसं वाटतं. त्या काही वर्षांत देशभर ज्या ज्या मापांची अदलाबदल झाली, त्या सगळ्यांत तापमान एकटं निराळं होतं. आणे, शेर, मैल, गज, यांच्या आणि नव्या मापांच्या शून्याचा अर्थ एकच आहे: काही नाही. म्हणून एका आकड्यानं गुणलं की काम होतं. थर्मामीटरवरचं शून्य 'काही नाही' सांगत नाही. ती कुणी तरी आपल्या सोयीनं मारलेली खूण आहे. एकानं गोठत्या पाण्यापाशी मारली, दुसऱ्यानं नवसागराच्या मिश्रणापाशी. दोघांची शून्यं वेगळ्या जागी असल्यामुळं त्रैराशिक इथं लागू पडत नाही.

काका उठतात आणि वाड्याच्या दोन जिन्यांकडे बोट करतात. पुढचा आणि मागचा, दोन्ही त्याच माडीवर जातात. "समज, खालच्या चौकापासून माडीपर्यंत पुढच्या जिन्याला शंभर पायऱ्या आणि मागच्याला एकशे ऐंशी, म्हणजे मागच्याच्या पायऱ्या बुटक्या. पुढच्याच्या पाच चढलास तर मागच्याच्या नऊ होतात. आणि मागचा जिना चौकात सुरूच होत नाही. तो खालच्या तळघरातून निघतो, चौकापर्यंत येता येता त्याच्या बत्तीस पायऱ्या होऊन गेलेल्या असतात. आता सांग, पुढच्या जिन्याच्या पन्नासाव्या पायरीवर उभा राहिलास तर मागच्या जिन्याची कितवी पायरी तुझ्या बरोबरीला?"

पुतण्या बोटांवर मोजतो. नव्वद. आणि बत्तीस. "एकशे बावीस!"

तोंडी हिशेबासाठी काकांची स्वतःची रीत आहे, आणि ती पुस्तकातल्या सूत्रापेक्षा मला जास्त आवडते. सेंटिग्रेडची दुप्पट करायची, त्यातून तिचाच दहावा हिस्सा काढायचा, बत्तीस मिळवायचे. सदतीसची दुप्पट चौऱ्याहत्तर, सात पॉइंट चार गेले, सहासष्ट पॉइंट सहा, अधिक बत्तीस. उलट जायचं असेल तर बत्तीस काढायचे, उरलेल्याचं निम्मं करायचं, त्यात निम्म्याचा दहावा भाग, मग त्याचाही दहावा. एकशे दोनमधून बत्तीस गेले सत्तर, निम्मं पस्तीस, अधिक साडेतीन, अधिक पस्तीस शतांश: अडतीस पॉइंट आठ पाच. पुढचे बारीक हिस्से मिळवत गेलात तर ३८.८९ येतं. घरातल्या तापाला एवढं पुरतं.

दुसरी रीत ऐकून पुतण्या हसतो. उणे चाळीस ही जागा अशी आहे की तिथं दोन्ही पट्ट्या एकच आकडा दाखवतात. मग ती जागाच शून्य मानली तर? कुठल्याही आकड्यात चाळीस मिळव, नवपंचमांश कर किंवा पाचनवमांश कर, पुन्हा चाळीस काढ. सदतीसचे सत्त्याहत्तर, सत्त्याहत्तरचे एकशे अडतीस पॉइंट सहा, चाळीस वजा. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. बत्तीस आधी की नंतर, हा घोळच संपला. आणि त्रैराशिक पुन्हा चाललं, कारण दोन्हींचा उगम एक केला.

"काका, मग आज वीस अन् उद्या चाळीस असलं तर उद्या दुप्पट उकाडा?"

काका खूश होतात. हा प्रश्न त्यांना हवाच होता. वीस म्हणजे अडुसष्ट फॅरनहाइट, चाळीस म्हणजे एकशे चार. एका पट्टीवर दुप्पट, दुसरीवर दीडपटीच्या आसपास. एकाच उष्णतेला दोन उत्तरं असू शकत नाहीत, म्हणजे प्रश्नच चुकीच्या शून्यापासून विचारला आहे. खरं शून्य, जिथून खाली जाताच येत नाही, ते उणे २७३ च्या जरा खाली. विल्यम थॉमसन, पुढं लॉर्ड केल्विन झालेला, त्यानं १८४८ मध्ये अशा स्वतंत्र पट्टीची कल्पना मांडली. तिच्यावर वीस म्हणजे २९३ आणि चाळीस म्हणजे ३१३. उद्याचा दिवस आजच्यापेक्षा जेमतेम सात टक्क्यांनी जास्त गरम. फुग्यातली हवा हेच सांगते. दाब तेवढाच ठेवला तर ती सुमारे सात टक्के फुगते, दुप्पट नाही. केल्विनच्या पट्टीवर त्रैराशिक चालतं, कारण तिथल्या शून्याचा अर्थ शून्य आहे.

दुसऱ्या दिवशी काका तुम्हाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेतात, तेव्हा तिथं एक मुलगा रडवेला झालेला असतो. थर्मामीटरची वरची खूण तपासायचा प्रयोग: उकळत्या पाण्याच्या वाफेत नळी धरायची आणि शंभर येतात का पाहायचं. त्याचा पारा ९८.६ च्या आसपास थांबला आहे आणि पुढं सरकत नाही. थर्मामीटर बिघडलाय, असं त्यानं वहीत लिहूनही टाकलं. काका त्याला भिंतीवरच्या वायुभारमापकाकडे घेऊन जातात. पाऱ्याचा स्तंभ ७२ सेंटिमीटरच्या थोडा वर आहे, ७६ वर नाही. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून जरा उंच. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. स्तंभ एक सेंटिमीटरनं उतरला की उत्कलनबिंदू एक अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त उतरतो. पाण्याचे शंभर हे मुंबईच्या किनाऱ्यावरचे. या गावात पाणी उकळतं ९८.६ सेल्सियसच्या सुमाराला, आणि पुस्तकातलं निरोगी अंग असतं ९८.६ फॅरनहाइटला. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण एकच आकडा एका पट्टीवर चहा उकळतो आणि दुसऱ्या पट्टीवर बाळाच्या कपाळाला लावलेल्या हाताला गार वाटतो, हे ज्या मुलानं त्या प्रयोगशाळेत पाहिलं असेल, तो पट्टीचं नाव लिहायला कधी विसरणार नाही.

आता परत या. मे महिना, दुपारचे तीन. फोन पुन्हा बोलू लागला आहे: ४३. कमानिया गेटापाशी खोव्याच्या जिलबीचा वास येतो, पण रांग नाही, लू वाहते आहे. तुम्ही मावशींच्या घरी आला आहात. खिडकीला कूलर, त्याच्या जाळ्यांत खस. मोटर पाणी फिरवते, ओल्या खसातून येणारी हवा खोलीला बाहेरपेक्षा दहा-बारा अंशांनी उतरवते. मावशी पन्ह्याचा पेला हातात देतात.

भारतानं एक विलक्षण तडजोड केली, आणि ती कोणी ठरवून केलेली नाही. हवा सेल्सियसमध्ये गेली, अंग फॅरनहाइटमध्येच राहिलं. मावशींना "आज त्रेचाळीस" म्हटलं की घाम येतो आणि "एकशे दोन" म्हटलं की काळजी वाटते, आणि दोन्ही आकडे एकाच उष्णतेच्या जिन्यावर आहेत हे त्यांच्या मनात कधी येत नाही. मला यात गैर वाटत नाही. फॅरनहाइटचा अंश लहान आहे. शंभर, एकशे एक, एकशे दोन असं दशांशाशिवाय सांगता येतं, आणि शंभराची पायरी ओलांडली की दक्ष व्हायचं एवढं लक्षात राहतं. अडचण येते ती माणसं हलली की.

मावशींचा मुलगा स्टुटगार्टला, मुलगी न्यू जर्सीत. जर्मनीत अंगही सेल्सियस आणि हवाही सेल्सियस, अमेरिकेत दोन्ही फॅरनहाइट, जबलपुरात निम्मं-निम्मं. मुलगी सकाळी सांगते, इकडे आज पंच्याण्णव होतंय, आणि मावशी हादरतात. ते पस्तीस असतात. तुम्ही पन्हं संपवता तोवर मुलाचा फोन येतो. नातीला बरं नाही. मावशी स्पीकर लावतात.

"किती आहे रे?"

"अडतीस पॉइंट नऊ, आई."

मावशींच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. "अडतीस? मग तापच नाही की!"

तुम्ही मान हलवता. "मावशी, एकशे दोन आहे."

पलीकडे आणि अलीकडे दोन्हीकडे शांतता. मग मावशी एकदम कामाला लागतात: पाणी पाजलंस का, डॉक्टरांना विचारलंस का, अंगावरचं जाड पांघरूण काढ. फोन ठेवल्यावर त्या आपला डिजिटल थर्मामीटर तुमच्या हातात देतात. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलानं खेळताना बटण दाबून धरलं, तेव्हापासून तो सेल्सियसमध्ये बोलतोय आणि मावशींनी "बिघडला" म्हणून तो फडताळात टाकलाय. तुम्ही बटण दाबून धरता. आकड्यापुढचं सी जाऊन एफ येतं.

"बाळा, मला लिहूनच दे," मावशी भिंतीवरच्या कालनिर्णयाचं मागचं पान उलटतात. तुम्ही लिहिता. ३८ म्हणजे १००.४, इथून ताप म्हणायचा. ३८.५ म्हणजे १०१.३. ३९ म्हणजे १०२.२. ३९.५ म्हणजे १०३.१. मावशी चष्मा लावून एकेक ओळ पाहतात आणि मग असा प्रश्न विचारतात जो बातम्या लिहिणारेसुद्धा चुकतात.

"आणि तो म्हणाला, ताप अर्धा अंश उतरला, तर आपल्याकडचा किती?"

अर्धा गुणिले नऊ भागिले पाच, पॉइंट नऊ. इथं बत्तीस मिळवायचे नाहीत. उतरला किंवा चढला हा पायऱ्यांचा फरक. तळघर त्यात येत नाही. २०१५ च्या पॅरिस करारातले पृथ्वीच्या तापमानवाढीचे दीड अंश फॅरनहाइटमध्ये २.७ होतात, आणि ज्यानं तिथंही बत्तीस मिळवले त्याची पृथ्वी चौतीस पॉइंट सात अंशांनी तापते. मावशींना पॅरिसशी कर्तव्य नाही. त्या पेन घेतात आणि तुमच्या आकड्यांखाली स्वतःच्या अक्षरात लिहितात: उतरला-चढला याला बत्तीस नाहीत.

तासाभरानं पुन्हा फोन. "आई, अडतीस पॉइंट चार."

मावशी तुमच्याकडे पाहत नाहीत, पानाकडेही नाही. "म्हणजे जवळजवळ एक अंशानं उतरला," त्या मुलाला सांगतात. "एकशे एकाच्या जरा वर आहे अजून. रात्री पुन्हा लाव, आणि मला तुमच्याच मापात सांग, मी करीन हिशेब."